आखूड केस, अर्धी पोनी, पूर्ण थाट!

बॉबकट केल्यावर पहिले काही दिवस झकास जातात. मग उकाडा वाढतो, बटा डोळ्यांवर येऊ लागतात, रबर हातात घेऊन केस मागे ओढावेत तर मानेवरचे अर्धे केस निसटून खाली! अशा वेळी हमखास कामी येते ती अर्धी पोनी. वरचे केस बांधायचे, खालचे मोकळे सोडायचे, बस्स. आखूड केसांवर ती लांब केसांपेक्षा जास्त खुलते, जास्त वेळ टिकते आणि दोन-तीन मिनिटांत होते. हे का होतं, कसं करायचं आणि त्यामागे काय काय गमती आहेत, ते एका दमात वाचून टाका.

१. देवदेवतांचीही पसंती

अर्धे केस वर, अर्धे खाली ही काही इन्स्टाग्रामची कल्पना नव्हे. व्हॅटिकनच्या संग्रहालयातला अपोलो बेल्व्हेडेर बघा: डोक्यावर केसांची गाठ आणि मानेवर कुरळ्या बटा. रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातल्या व्हीनसचंही तेच. वर बो बांधल्यासारखी गाठ, खांद्यावर मोकळे केस. आपल्याकडे गांधार शैलीतल्या मैत्रेयाच्या शिल्पांतही माथ्यावर केसांचा फासा दिसतो आणि उरलेले केस खांद्यावर उतरलेले असतात.

*करून बघा:* दोन्ही कानांच्या वरची एकेक बट घ्या, माथ्यावर एकत्र आणा, छोट्या रबराने बांधा. शेवटचा वेढा घालताना केस पूर्ण ओढून काढू नका. जो फासा उरेल तो दोन्ही बाजूंना पसरवून पिना लावा. अपोलोचा बो तयार!

२. मानेवरचे केस का निसटतात?

कारण साधं आहे. डोक्याच्या प्रत्येक भागातल्या केसाला रबरापर्यंतचं अंतर वेगळं असतं. उंच पोनीत सगळ्यात लांबचा प्रवास मानेवरच्या केसांना करावा लागतो आणि बॉबमध्ये तेच सगळ्यात आखूड असतात. अर्धी पोनी त्यांना प्रवासच करायला लावत नाही.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला सुमारे १५ सेंटिमीटर. हनुवटीपर्यंतचा बॉब खांद्याखाली यायला वर्षाच्या आसपास वेळ लागतो. त्या सगळ्या मधल्या काळात ही केशरचना तुमची सखी.

*चाचणी:* कपाळावरची एक बट सरळ मागे ओढा. माथ्याच्या मागच्या बाजूला पोहोचून वर दोन बोटं उरली, तर रबर बसेल. नाही उरली, तर बटा पिळून बाजूलाच पिना लावा.

३. एका नर्तिकेची कात्री

पॅरिसमध्ये अंत्वान या नावाने गाजलेल्या पोलिश केशरचनाकाराने १९०९ मध्ये जोन ऑफ आर्कवरून स्फूर्ती घेऊन बॉब कापायला सुरुवात केली. काही वर्षांनी अमेरिकेतली लोकप्रिय नर्तिका आयरिन कॅसल हिने शस्त्रक्रियेआधी सोय म्हणून केस कापले आणि कपाळावर मोत्यांची सर बांधून ती लोकांसमोर आली. बघता बघता हजारो बायकांनी तिचं अनुकरण केलं. १९२० मध्ये स्कॉट फिट्झजेराल्डने केस कापणाऱ्या बर्निस नावाच्या मुलीवर कथा लिहिली, इतका हा विषय घरोघरी तापलेला होता.

आयरिनची युक्ती आजही चालते. अर्ध्या पोनीच्या पुढे बारीक हेअरबँड किंवा मोत्यांची सर बांधा. पुढचे उडणारे केस जागच्या जागी बसतात.

४. पिनेची नागमोडी बाजू खाली!

काळी साधी पिन नीट बघा. तिचा एक पाय सरळ, दुसरा नागमोडी. बहुतेक जणी नागमोडी बाजू वर ठेवतात. ती टाळूकडे ठेवायची, कारण त्या वळणांत केस अडकतात आणि पिन घसरत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत आखूड केसांची लाट आली तेव्हाच या पिना घराघरांत पोचल्या. म्हणजे हे हत्यार मुळात आपल्यासारख्यांसाठीच!

*जास्तीची पकड:* दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावा. केस फारच गुळगुळीत असतील तर पिनेवर आधी थोडा हेअरस्प्रे मारा.

५. कालचे केस, आजची पोनी

नुकत्याच धुतलेल्या केसांवर काहीच टिकत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. कंडिशनरमधले घटक केसावर पातळ थर चढवतात, त्यामुळे केस एकमेकांवरून सरकतात. दुसऱ्या दिवशी टाळूचं नैसर्गिक तेल थोडं उतरतं आणि केसाला पकड येते. म्हणून समारंभ शनिवारी असेल तर न्हाणं शुक्रवारी.

धुवावेच लागले तर मुळांशी थोडा ड्राय शाम्पू लावा. त्यातला स्टार्च तेल शोषतो आणि केसाला खरखरीतपणाही देतो.

६. शिकागोचं मधमाश्यांचं पोळं

१९६० मध्ये एका अमेरिकी सौंदर्यविषयक मासिकाने शिकागोच्या मार्गारेट विन्ची हेल्ड्ट यांना काहीतरी नवं करून दाखवायला सांगितलं. त्यांनी आपल्या आवडत्या टोपीच्या आकारावरून केस उंच रचले आणि ‘बीहाइव्ह’ जगभर गेलं. आपल्या हिंदी सिनेमाच्या नायिकांनी साठच्या दशकात जो उंच पफ मिरवला, तो याच काळातला.

पफ उभा कसा राहतो? केसाच्या पृष्ठभागावर बारीक खवले असतात आणि त्यांची टोकं केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. कंगवा उलटा, शेंड्याकडून मुळाकडे फिरवला की खवले एकमेकांत अडकतात.

*करून बघा:* माथ्यावरची एक जाडसर बट उचला, आतल्या बाजूने दोन-तीनदाच हलका उलटा कंगवा फिरवा, वरून गुळगुळीत करा, मागे पिना लावा. आखूड केस हलके असल्यामुळे पफ दिवसभर खाली बसत नाही. सोडताना मात्र शेंड्याकडून सुरुवात करून बोटांनी सावकाश सोडवा.

७. कपाळ झाकलं आणि इतिहास झाला

१९६० च्या ‘लव्ह इन सिमला’साठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी साधनाचं रुंद कपाळ झाकायला ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर पुढचे केस कापून घेतले. त्यानंतर ‘साधना कट’ मागणाऱ्या मुलींची देशभर रांग लागली.

कपाळावर अशी कापलेल्या केसांची झालर असेल तर अर्धी पोनी आणखी सोपी होते. झालर जागेवर राहू द्या, तिच्या मागचे केस उचला. चेहऱ्याची चौकट तयारच असते, त्यामुळे मागची पोनी थोडी विस्कटलेली असली तरी छान दिसते.

८. क्लचर: एका चापात काम

ड्रेसिंग टेबलवर, गाडीच्या डॅशबोर्डवर, ऑफिसच्या खणात सापडणारा क्लचर तसा तरुण आहे. फ्रान्सच्या क्रिस्तियान पोत्यू यांनी तो १९८६ मध्ये आणला. त्याचे दात केसांच्या थरांत शिरतात आणि स्प्रिंग त्यांना धरून ठेवते.

आखूड केसांवर मोठा क्लचर लटकतो. तुमच्या तर्जनीएवढा किंवा त्याहून लहान निवडा. वरचे केस मागे घ्या, एकदा पिळा, पीळ वरच्या दिशेला ढकला, चाप लावा. वीस सेकंदांत लोकल पकडायला मोकळ्या!

९. पूडलच्या नावाची स्क्रंची

कापडात गुंडाळलेलं इलॅस्टिक हे रॉमी रेव्हसन या अमेरिकी गायिकेचं डोकं. तिने १९८७ मध्ये पेटंट घेतलं आणि आपल्या लाडक्या पूडल कुत्रीच्या ‘स्कुंची’ या नावावरून त्याचं बारसं केलं. पुढे २०१२ मध्ये सोफी ट्रेलेस-त्वेदे या विद्यार्थिनीने टेलिफोनच्या वेटोळ्या वायरीवरून गोल वेढ्यांचं रबर बाजारात आणलं.

दोन्हींमागे एकच विचार: दाब एका रेघेवर येऊ द्यायचा नाही. केस कमी तुटतात, खूणही कमी पडते. आखूड केसांना बारकी स्क्रंची घ्या, मोठी घेतली तर पोनी तिच्यातच बुडते.

१०. डोकं दुखतंय? पोनी बघा

घट्ट पोनीने डोकं दुखणं हे खरंखुरं दुखणं आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात केस ओढले गेल्यामुळे होणाऱ्या वेदनेला वेगळी जागा आहे. डॉ. ब्लाऊ यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९३ जणींपैकी ५० जणींना पोनीमुळे डोकेदुखीचा अनुभव होता. अर्ध्या पोनीत ओढले जाणारे केस कमी आणि वजनही कमी. तरी बांधून झाल्यावर भुवया वर करून बघा. ताण जाणवला तर रबर थोडं सैल करा.

११. उलटी पोनी, सुलटा नखरा

आयबीएममध्ये नोकरी करणाऱ्या टोमिमा एडमार्क यांनी प्लॅस्टिकचा एक मोठा फासा बनवला, १९९१ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि ‘टॉप्सी टेल’ टीव्हीवरच्या जाहिरातींतून लाखोंनी खपलं. काम एकच: पोनी तिच्याच मुळातून उलटी ओवायची.

आपल्याला त्या फाश्याचीही गरज नाही. अर्धी पोनी बांधा, रबर जरा खाली सरकवा, रबराच्या वर केसांत बोटाने भोक पाडा आणि शेपटी वरून आत घालून खाली काढा. दोन्ही बाजूंना सुरेख पीळ पडतो. लांब केसांत हे करताना शेपटी गुंतते, आखूड केसांत ती सुळकन पार होते.

१२. पावसाळ्यात केस खरंच लांबतात

जिनिव्हाचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र बनवलं, त्यात काटा हलवायचं काम होतं माणसाच्या केसाचं! हवा कोरडी ते पूर्ण दमट झाली की केस सुमारे दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो. केसातले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि नव्या जागी जुळतात. म्हणूनच जुलैत मुंबईत किंवा पणजीत इस्त्री केलेले केस दाराबाहेर पडताच मूळ पदावर येतात.

दमटपणाशी भांडू नका, त्याला कामाला लावा. किंचित ओलसर केसांच्या दोन बटा दोन्ही बाजूंनी पिळून मागे पिनेने अडकवा. वाळतील तसा पीळ बसतो आणि सोडल्यावर फुकटात लाटा मिळतात. चिंब ओले केस मात्र बांधू नका, ते ताणले जातात आणि पटकन तुटतात.

१३. सागरवेणी तर आपलीच

एका वेळी सगळे केस पेलायचे नाहीत, प्रत्येक पेडाला नवी बट घेत पुढे जायचं, हे सागरवेणीचं तंत्र आखूड केसांसाठी वरदान आहे. भांगापासून कानापर्यंत कपाळाच्या कडेने बारीक सागरवेणी घाला, कानामागे पिन लावा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मागचे केस मोकळे. झालर वाढवताना डोळ्यांत जाणारे केसही यात सामावतात. पेड घालून झाले की बोटांनी ते हलके सैल करा, वेणी भरगच्च दिसते.

१४. लग्नात गजरा कुठे माळायचा?

२९ एप्रिल २०११ ला केट मिडलटनने लग्नात अर्धेच केस बांधले होते. डोक्यावर १९३६ चा कार्तिए मुकुट होता. तो हलू नये म्हणून वरचे केस उलटे विंचरून बैठक केली, आत एक बारीक वेणी घातली आणि मुकुट चक्क त्या वेणीला शिवला.

हीच युक्ती आपल्या लग्नघरात जशीच्या तशी वापरा. अर्ध्या पोनीच्या खाली एक बारीक तीनपेडी लपवा. मोगऱ्याचा गजरा, अबोलीची वेणी किंवा चाफ्याचं फूल केसांना नव्हे, त्या तीनपेडीला पिनांनी अडकवा. मुंडावळ्यांच्या दोऱ्यांनाही तिचा आधार होतो. नऊवारीवर अंबाडा हवाच असेल तर गंगावन आहेच, पण मोकळ्या बॉबवर अर्धचंद्राकृती गजरा माळून उभी राहिलेली नवरी कुणापेक्षा कमी दिसत नाही.

१५. केसांची काळजी, थोडक्यात

रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे, त्यामुळे रबरात चार केस दिसले तर घाबरू नका. मात्र रोज त्याच जागी, तितकंच घट्ट बांधलं तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होऊ शकतात. आज पोनी माथ्यावर, उद्या थोडी खाली, परवा एका बाजूला. भांगही बदलत राहा. नागमोडी भांग पाडला तर टाळू कमी दिसते आणि केस दाट वाटतात.

मग आज काय बांधायचं?

- कानापर्यंत केस: एका बाजूची बट पिळून फुलीच्या पिना.
- हनुवटीपर्यंत: छोटा क्लचर किंवा कपाळाच्या कडेची सागरवेणी.
- मानेपर्यंत: माथ्यावर चिमुकला बुचडा, नाहीतर पफ.
- खांद्यापर्यंत: उलटी पोनी, वर बारकी स्क्रंची.
- कुरळे केस: कंगवा न लावता बोटांनीच उचला, कुरळेपणा स्वतःच पकड देतो.
- पातळ, सरळ केस: आधी ड्राय शाम्पू, मग पिना.

पर्समध्ये चार पिना, एक बारका क्लचर आणि एक स्क्रंची ठेवा. ऑफिस, कॉलेज, हळदीकुंकू, सगळं निभावेल. केस वाढायची वाट बघत नटायचं पुढे ढकलू नका. आज जेवढे आहेत, तेवढ्यांची हौस आजच करा!