फोटो काढायला मनाई आहे!

रेल्वेच्या पुलावर, धरणाच्या भिंतीपाशी, एखाद्या सरकारी कचेरीच्या दारात, 'छायाचित्रण करण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी आपण सगळ्याजणींनी वाचलेली असते. कुठे पाटी नसली तरी शिट्टी असतेच! का मनाई आहे, कोणी केली आहे, हे विचारायची आपल्याला सवय नाही. 'सिक्युरिटीचा प्रश्न आहे हो' एवढं म्हटलं की आपण मुकाट्याने मोबाईल पर्समध्ये टाकतो.

ही भीती खोटी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. मुंबईवर 26 नोव्हेंबर 2008 ला हल्ला झाला, त्याच्या आधीची दोन वर्षं डेव्हिड हेडली या शहरात येत-जात होता. पर्यटकासारखा फिरत त्याने ताज हॉटेलचं, सीएसटी स्टेशनचं, कुलाब्याच्या नरिमन हाऊसचं व्हिडिओ चित्रीकरण केलं. कोणी त्याला हटकलं नाही. गोरा साहेब दिसला की आपल्याकडे कोण हटकणार? हे सगळं बाहेर आल्यावर पहारेकऱ्यांना प्रत्येक कॅमेऱ्यामागे हेडली दिसू लागला, तर नवल नाही.

पण त्याच रात्री त्याच सीएसटीवर आणखी एक कॅमेरा होता. सबॅस्टियन डिसोझा हे वृत्तपत्राचे छायाचित्रकार गोळीबाराचा आवाज ऐकून समोरच्या ऑफिसातून स्टेशनात धावले, आणि रेल्वेच्या डब्यांचा आडोसा घेत त्यांनी फोटो काढले. हातात बंदूक, पाठीवर पिशवी असा कसाबचा जो फोटो जगभर गेला, तो त्यांचाच. पुढे खटल्यात डिसोझांची साक्ष झाली, फोटो पुरावा म्हणून कोर्टासमोर आले. म्हणजे एका कॅमेऱ्याने कट रचायला मदत केली आणि दुसऱ्याने गुन्हेगाराला ओळखायला. पाटीला यातलं काय कळणार?

हे सगळं आठवायचं कारण वेगळंच आहे. गेल्या वर्षी आमच्या मंडळाकडे आलेल्या एका बाईंबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले होते. नवऱ्याने मारलं होतं, दंडावर वळ स्पष्ट दिसत होते. अकराला गेलो. 'साहेब राऊंडला गेलेत, बसा.' दीड वाजला. मग 'घरचं भांडण आहे, एनसी घेतो, समजूत काढू', असं सुरू झालं. त्या बाईंची कॉलेजात जाणारी मुलगी बरोबर होती. तिने मोबाईल उभा धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. इतका वेळ मान वर न करणारे अंमलदार ताडकन उठले.

"ए पोरी, मोबाईल दे इकडे! हे पोलीस ठाणं आहे. ऑफिशियल सिक्रेट्स लावला ना, तर करिअर संपेल तुझं."

मी म्हटलं, "साहेब, आमच्या तक्रारीत सरकारी गुपित कुठलं आलं?"

"मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका."

मुलीचा चेहरा पांढरा पडला. "काकू, चला ना, आपण जाऊ या," असं म्हणायला लागली. व्हिडिओ पुसायला लावला, मग फोन परत मिळाला. तक्रार शेवटी संध्याकाळी एका महिला अधिकाऱ्यांनी नीट लिहून घेतली, हेही सांगायला हवं. पण ते 'सिक्रेट्स' माझ्या डोक्यातून जाईना.

हा कायदा 1923 सालचा, म्हणजे इंग्रजांचा. त्यात 'निषिद्ध ठिकाण' कशाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे. लष्कराचे, नौदलाचे, हवाई दलाचे तळ, दारूगोळ्याचे कारखाने, आणि सरकार अधिसूचना काढून जाहीर करील ती ठिकाणं. देशाच्या सुरक्षिततेला बाधा येईल अशा हेतूने तिथे जाणं, नकाशा-फोटो काढणं हा गुन्हा. संरक्षणाशी संबंधित प्रकरणात चौदा वर्षांपर्यंत शिक्षा! ऐकूनच माणूस गार पडावा.

गंमत म्हणजे हीच धमकी वर्ध्यात प्रत्यक्षात आली होती. 2018 मध्ये शेजाऱ्याशी झालेल्या वादातून एक गृहस्थ पत्नीसह ठाण्यात गेले आणि तिथलं बोलणं त्यांनी मोबाईलवर टिपलं. त्यांच्यावर चक्क याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै 2022 मध्ये तो रद्द केला. पोलीस ठाणं त्या व्याख्येत बसतच नाही, असं न्यायमूर्तींनी स्वच्छ सांगितलं. नगर जिल्ह्यातल्या पाथर्डीचं असंच एक प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे आलं, तेव्हा 2024 मध्येही तेच उत्तर मिळालं. दोनदा उच्च न्यायालयाने सांगूनही आमच्या अंमलदारांपर्यंत ते पोचलं नव्हतं, की पोचूनही उपयोगी पडतं म्हणून धमकी चालू होती, देव जाणे.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, मग काय, कोणीही उठावं आणि कोणाचेही फोटो काढावेत? नाही हो! लोकलमध्ये समोर बसलेला माणूस मोबाईल तिरका धरून आपल्याकडे रोखतो तेव्हा अंगावर पाल पडल्यासारखं होतं, ते काय मला माहीत नाही? चोरून फोटो काढण्याचं कलम 2013 मध्ये आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत 77 व्या क्रमांकावर आहे. पण ते बाईच्या खासगी क्षणांपुरतं आहे. कपडे बदलताना, न्हाणीघरात. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलीचा फोटो त्यात सहसा बसत नाही, आणि पोलीसही खांदे उडवतात. तिथे मात्र 'मनाई' कोणाला आठवत नाही. ज्या खुर्चीवरच्या माणसाचा पगार आपल्या करातून जातो, त्याने कामाच्या वेळी केलेलं बोलणं टिपणं आणि अनोळखी मुलीला टिपणं या दोन गोष्टी मी एका तराजूत घालायला तयार नाही. शिवाय ठाण्यात दुसरी एखादी पीडित मुलगी बसलेली असते, तिचा चेहरा आपल्या व्हिडिओत येता कामा नये. हे भान आपणच ठेवायचं.

सरकारला मात्र आपले फोटो हवेच असतात. 2016 पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर साडेचार हजारांहून जास्त कॅमेरे लागले. हैदराबादमध्ये 2021 च्या टाळेबंदीत पोलिसांनी एका कार्यकर्त्याला रस्त्यात थांबवून, मास्क काढायला लावून फोटो घेतला. त्याने चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेविरुद्ध हायकोर्टात याचिका केली. त्याच्या आधी, 2017 मध्ये, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं होतं.

आणि ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं काय? डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की प्रत्येक पोलीस ठाण्यात दार, कोठडी, व्हरांडा, स्वागतकक्ष सगळीकडे आवाजासकट टिपणारे सीसीटीव्ही हवेत, आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी जपलं पाहिजे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तर झडती-जप्तीचं चित्रीकरण पोलिसांनी स्वतःच करायचं आहे, तेही शक्यतो मोबाईलवर! म्हणजे ठाण्यात कॅमेरा चालतो, फक्त तो कोणाच्या हातात आहे एवढाच प्रश्न. ठाण्यांतले कॅमेरे चालत नाहीत, या बातमीची दखल घेऊन सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून प्रकरण सुरू करावं लागलं.

त्या मुलीच्या आईबरोबर बसून आम्ही त्या दिवसाचं ठाण्यातलं चित्रण मिळावं म्हणून साध्या कागदावर अर्ज केला. तारीख, अकरा ते संध्याकाळी सहा ही वेळ आणि 2020 च्या आदेशाचा उल्लेख. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, त्या दिवशी कॅमेरा नादुरुस्त होता. कोणत्या तारखेला बिघडला आणि कधी दुरुस्त झाला, हे विचारणारा दुसरा अर्ज आता गेला आहे.