दर्यावरील सहल आणि तिचा म्होरक्या



आपल्या यवतमाळ जिल्ह्यास समुद्र नाहीं. एका अंगास वर्धा आणि दुसऱ्या अंगास पैनगंगा, एवढेंच आपलें मोठें पाणी. तथापि दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटींत येथील पुष्कळ कुटुंबें आणि शाळांच्या सहली कोंकणांत उतरतात, आणि तारकर्लीसारख्या ठिकाणीं मुलांना कयाक नांवाच्या चिंचोळ्या होडींत बसण्याचा मोह होतो. ही मुळांत उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची, कातड्यानें मढविलेली शिकारीची होडी. आतां ती बहुधा प्लास्टिकची असते. तींत एक किंवा दोन माणसें बसतात आणि दोन्ही टोकांस पातें असलेलें वल्हें मारतात. होडी चालविणें थोड्या सरावानें साधतें. पण अशा आठ-दहा होड्यांचा तांडा समुद्रांत नेऊन सुखरूप परत आणणें ही विद्या निराळी आहे. तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

म्होरक्याची पहिली परीक्षा किनाऱ्यावरच होते. शाळेंत आपण मतलई वारे व खारे वारे पाठ केले. समुद्रावर त्यांच्याशीं जिवाची गांठ पडते. पहाटे व सकाळीं मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. अशा वेळीं कांठाजवळचें पाणी शांत दिसतें, आणि नवशिक्यास वाटतें कीं भय नाहीं. वस्तुतः तोच वारा हलक्या होडीला नकळत बाहेर लोटीत असतो. दुपारीं खारा वारा समुद्राकडून येतो; त्याच वेळीं खाडीच्या मुखांतून ओहोटीचें पाणी बाहेर पडत असेल, तर दोहोंची टक्कर होऊन आंखूड, उभ्या लाटा उठतात. म्हणून भरतीची वेळ ठाऊक हवी. जुना ठोकताळा असा कीं, तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. हा झाला स्थूल हिशेब. जाणता म्होरक्या भरतीचें छापील कोष्टक व हवामानखात्याचा इशारा पाहतो, आणि शिवाय गांवच्या कोळ्यालाही विचारतो.

दुसरी परीक्षा तांडा एकत्र ठेवण्याची. ता. २२ मार्च १९९३ रोजीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम उपसागरांत आठ विद्यार्थी, एक शिक्षक आणि दोन मार्गदर्शक कयाकमधून निघाले. जाणें होतें जेमतेम तीन किलोमीटर. वाटेंत शिक्षकाची होडी वारंवार उलटूं लागली. एक मार्गदर्शक त्याच्यापाशीं थांबला, आणि दुसऱ्याच्या हातीं आठही मुलें राहिलीं. जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यानें तीं खोल समुद्रांत वाहवत गेलीं. त्यांच्यापाशीं मदतीसाठीं खूण करण्याचें साधन नव्हतें, आणि मदत फार उशिरां पोंचली. थंड पाण्यांत चार मुलांचा अंत झाला. त्या संस्थेच्या दोन मार्गदर्शकांनीं पूर्वींच नोकरी सोडून, तेथील व्यवस्था धोक्याची असल्याचा लेखी इशारा दिला होता. या दुर्घटनेनंतर १९९५ सालीं मुलांच्या साहससंस्थांना परवान्याच्या बंधनांत आणणारा कायदा ब्रिटनमध्यें झाला.

यांतून धडा निघतो तो असा, कीं उलटलेली होडी हें अर्धेंच संकट. तिच्याकडे सर्वांचें लक्ष लागलें असतां उरलेला तांडा विखुरतो, हें खरें संकट. होडी उलटली म्हणजे सोबत्यानें तिचें नाक आपल्या होडीवर ओढून पाणी निथळावें, ती सरळ करावी, आणि पाण्यांतला माणूस वर चढेपर्यंत घट्ट धरून ठेवावी. यांत कांहीं मिनिटें जातात. तेवढ्या वेळांत इतरांनीं एकमेकांच्या होड्या धरून एकत्र राहावें, असें आधींच शिकविलेलें असलें पाहिजे, आणि त्यांच्याजवळ एक जाणता माणूस हवाच. कंबरेएवढ्या पाण्यांत याची तालीम केल्यावांचून तांडा बाहेर काढूं नये. पुढें एक, मागें एक असे दोन अनुभवी गडी असावेत. शाळेची सहल नेणारा शिक्षक मुलांची शिरगणती वारंवार करतो. येथेंही तोच नेम. आणि तांड्याची चाल ठरवावयाची ती सर्वांत दुबळ्या वल्हेकऱ्यावरून.

आपल्या समुद्राचें पाणी उबदार आहे, म्हणून निर्धास्त राहूं नये. येथें ऊन, तहान आणि थकवा हे वैरी आहेत. थकलेला हात वाऱ्याविरुद्ध चालत नाहीं.

सर्वांत कठीण गुण म्हणजे नको म्हणण्याचा. पैसे भरलेले असतात, मुलें उतावीळ असतात, पालक छायाचित्रें काढण्यास सज्ज असतात. अशा वेळीं वारा पाहून 'आज नाहीं' म्हणणारा माणूस सर्वांच्या रोषास पात्र होतो. परत फिरण्याची वेळ त्यानें निघण्यापूर्वींच ठरवावी, आणि ती झाली कीं मुक्काम डोळ्यांसमोर असला तरी फिरावें.

तेव्हां पालकहो, मुलाला होडींत बसविण्यापूर्वीं म्होरक्यास विचारा: आज भरती कधीं? वारा कोणीकडचा? तुमच्या मागें दुसरा जाणता कोण? मदत कशी बोलावणार? किनाऱ्यावर कोणास परतीची वेळ सांगून ठेवली आहे? उत्तरें तत्काळ व स्पष्ट मिळालीं, तर मुलाला आनंदानें पाठवा. तो हंसून विषय टाळूं लागला, तर मुलाचा हात धरून वाळूंतच किल्ले बांधावयास बसा.