किनवटची जाळरेषा

सागाचं वाळकं पान जमिनीला चिकटून पडत नाही. वाळताना त्याच्या कडा आत वळतात, मधे पोकळी राहते. अशी पाच-सहा पानं एकमेकांवर पडली की त्यांच्यामधून वारा आरपार फिरतो, आणि जाळाला याहून जास्त काही लागत नाही. फेब्रुवारीत किनवटच्या जंगलात पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येत राहतो. सोबतचा अंगारी मामा म्हणाला, "हा आवाज बंद झाला की आमाला बरं वाटतं. पण तो मिरगाशिवाय काय बंद होत नाय."

अंगारी म्हणजे वणव्याच्या हंगामात वनखात्यानं लावलेला आगीवरचा राखणदार. हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. बहुतेक जण आसपासच्या तांड्या-पाड्यांवरचेच. मी लातूरकडचा; आमच्या जिल्ह्यात क्षेत्रफळाच्या एक टक्काही जंगल नाही, त्यामुळे आग म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो पेटलेला धुरा, फार तर गवताचा माळ. नांदेडचं हे उत्तरेचं टोक निराळंच. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आणि तिकडचा सागवानी पट्टा जिल्ह्याची हद्द न मानता इकडे उतरलेला आहे.

जाळरेषेचं काम हंगामाच्या आधीच सुरू होतं. पानाला आणि गवताला पुढे सरकता येऊ नये म्हणून जंगलात आखलेला मोकळा पट्टा म्हणजे जाळरेषा. कुठं ती सहा मीटर रुंद असते, कुठं बारा. थंडीत त्या पट्ट्यातलं गवत आणि झुडूप कापून तिथंच पसरून वाळवायचं. मग दोन्ही कडा हातभर खरवडून माती उघडी करायची आणि वारा पडलेला बघून पट्टा आपणच पेटवायचा. पेटवणारा एकच असतो, बाकीचे पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन कडेला उभे. फांदी उचलून आपटायची नाही. जाळावर ठेवून दाबायची आणि आतल्या बाजूला ओढायची. आपटली तर ठिणगी उडते आणि कडेपलीकडे दुसरं काम उभं राहतं. नवख्याला हे एकदा सांगून कळत नाही, म्हणून त्याला कडेवर उभं करतच नाहीत.

पट्टा काळा झाला की काम संपलं असं बघणाऱ्याला वाटतं. पण साग एकदम झडत नाही, मार्चपर्यंत पानं टाकतच राहतो. आज झाडलेली रेषा आठवड्याभरात पुन्हा पानांनी भरते. म्हणून पुन्हा झाडायचं, पुन्हा भरली की पुन्हा. आता पाठीवर बांधायचे ब्लोअर आले आहेत, त्यांनी हे काम झपाट्यानं होतं. पण उतारावर, दगडगोट्यांत फांद्यांचा झाडूच बरा, असं मामाचं ठाम मत. रेषा आखणं कागदावर सोपं आहे. ती चार महिने उघडी ठेवणं हाच खरा धंदा.

आग लागते कशी, याचं उत्तर जंगलात सगळ्यांना माहीत असतं. मोहाची फुलं पहाटे टपटपतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तेंदूला कोवळी पानं जास्त यावीत म्हणून झुडपं जाळतात, खरं तर छाटणी केली तरी तेच होतं. शेतातल्या पऱ्हाट्या आणि धुरे पेटवून माणूस जेवायला जातो आणि वारं फिरतं. १९२७च्या वन कायद्यानं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. पण मोह वेचणारीला कायदा सांगण्यापेक्षा झाडाखालचा पाला काठीनं एका बाजूला ओढून दिला तर जास्त उपयोग होतो, हे मी इथंच पाहिलं.

वर उपग्रहही आहेतच. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून वनरक्षकाच्या मोबाइलवर आगीचा संदेश येतो. यातला एक संवेदक दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास या भागावरून जातो, आणि त्याचा एक ठिपका साधारण ३७५ मीटरचा. दुपारी तीनला लागलेली आग त्याला रात्रीच दिसणार, आणि तो ठिपका जंगलाचा की कुणाच्या शेताचा, हे पायीच जाऊन ठरवायचं.

उत्तराखंडात चीड पेटतो किंवा अमेरिकेत पाइनची दाट कोवळी वाढ पेटते, तेव्हा खालच्या फांद्यांवरून आग शेंड्याला जाऊ शकते. इथं तसं होत नाही. आगीच्या दिवसांत सागाची पानं जमिनीवर असतात, वर नुसत्या काड्या. आग गुडघ्या-कमरेच्या उंचीनं सरकत जाते, जुन्या सागाची जाड साल काळी करून पुढे निघते. जुलैत सगळं हिरवंगार. म्हणून "साग काय जळत नाय" असं गावात म्हणतात, आणि मोठ्या झाडापुरतं ते खरंही आहे.

पण कमरेच्या उंचीवर जंगलात दुसरं काय असतं? फुटवे. बियांची रोपं आणि खुंटांवरचे कोंभ. या कोवळ्या फुटव्यांची पानं मोठ्या झाडाच्या पानांहूनही मोठी, सुपाएवढी. ती जागेवरच वाळतात आणि जाळाला वर चढायला हात देतात. फुटवा जमिनीपर्यंत जळतो. मूळ मात्र जिवंत असतं, पावसाळ्यात पुन्हा कोंभ येतो, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळतो. सोबतच्या वनरक्षकानं एक फुटवा खणून दाखवला: खोड एका पावसाळ्याचं, बोटाएवढं, मूळ मनगटाएवढं, गाठाळलेलं. वरची जागा अशी उघडी राहिली की तिथं गवत आणि रानतुळस माजते, आणि ते पुढच्या वर्षीच्या आगीचं जळण.

कार्बनचा हिशेबही इथंच अडतो. किलोभर वाळला पाला जळला तर दीड किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण त्यातला बराचसा ऑक्सिजन हवेतून येतो. हेक्टरी तीन टन पाला जळाला असं धरलं तर साडेचार-पाच टन. आकडा दचकवतो. पण तो कार्बन त्या पानानं आदल्याच पावसाळ्यात हवेतून घेतलेला होता, आणि येत्या पावसाळ्यातलं पान बराचसा परत घेईल. पडलेला जुना ओंडका आठवडाभर धुमसतो, त्याचं तसं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनही बाहेर पडतो आणि त्याची भरपाई व्हायला एक अख्खं झाड वाढावं लागतं. ज्याचं ते झाड व्हायचं, त्या फुटव्याला आपण कमरेच्या वर जाऊच देत नाही. धुरापेक्षा हा तोटा मोठा, असं माझं मत झालं.

मी वनरक्षकाला म्हटलं, सगळीकडे दर वर्षी धावण्यापेक्षा जंगलाचा एखादा कक्ष पाच वर्षं अजिबात जळू द्यायचा नाही, फुटव्यांची साल जाड होईपर्यंत. मग दुसरा धरायचा. त्याला ते पटल्यासारखं दिसलं. मामा मात्र झाडू दगडाला टेकवून म्हणाला, "धरा की. पण कंचा धरायचा ते ठरवायच्या आधी त्यात मोहाची झाडं किती हायेत ते मोजा, आन् ती कुणाकुणाची वाटणी हाय ते गावात बसून इचारा. त्याबिगर पाच साल काय, पाच दिस बी नाय टिकायचं."