इम्बाइब : पिणारा कोण, पाजणारा कोण?

आज एक जुन्या वळणाचा इंग्रजी शब्द घेऊ. इम्बाइब. शब्दकोशात त्याचा अर्थ दिलेला असतो : पिणे. पण हाच शब्द मुलांच्या शाळेच्या माहितीपत्रकातही दिसतो, पाहुण्यांच्या भाषणातही येतो. शाळेच्या कागदावर पिण्याचं काय काम?

आधी त्याचं कूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘बिबेरे’ म्हणजे पिणे. त्याला ‘आत’ या अर्थाचं ‘इम’ जोडलं. संस्कृतातलं ‘पिबति’, म्हणजे ‘पितो’, हेही त्याच मुळातलं, आणि आपलं ‘पिणे’ संस्कृतातून आलेलं. म्हणजे हा परका शब्द आपला लांबचा भाऊबंदच निघाला. हॉटेलच्या पाटीवरचं ‘बेव्हरेज’, म्हणजे पेय, तेही याच घरातलं.

पण पाणी, चहा, दूध यांसाठी इंग्रजीत साधं ‘ड्रिंक’ म्हणतात. तिथे इम्बाइब वापरणं म्हणजे घरात “मी जलप्राशन करते” म्हणण्यासारखं. मुलीच्या निबंधात पाणी प्यायचं असेल तर तिला ड्रिंकच लिहू द्या. आज पिण्याच्या अर्थाने इम्बाइब येतो तो बहुतेक दारूबद्दल, थोडा भारदस्तपणे, थोडा थट्टेने. आपल्याकडे नाही का, “तो पितो” एवढं म्हटलं की काय पितो ते विचारावं लागत नाही. आणि कागदावर त्याचंच ‘मद्यप्राशन’ होतं. शब्द भारदस्त झाला म्हणून दारू सोज्वळ होत नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

दुसरा अर्थ शोषून घेण्याचा, मुरण्याचा. इंग्रजीत हा आधी आला, पिण्याचा नंतर. रात्री मटकी भिजत घालतो, सकाळी ती टपोरी फुगते. कोरडं बी असं पाणी ओढून घेतं, त्याला शेतीशास्त्रात ‘इम्बिबिशन’ म्हणतात. उगवण्याची ही पहिली पायरी. मात्र मेलेलं बीसुद्धा पाण्यात फुगतं. मोड येतो तो जिवंत बियालाच. म्हणून बी फुगलं एवढ्यावर उगवेल असं धरू नये. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून मोड मोजावेत.

तिसरा अर्थ शाळेतला : विचार, सवयी, संस्कार अंगी बाणवून घेणे. इथे एक चूक सर्रास होते. “शिक्षक मुलांमध्ये मूल्ये इम्बाइब करतात” असं लिहिलं जातं. ते बरोबर नाही. शिक्षक रुजवतात, त्याला इंग्रजीत ‘इन्स्टिल’ म्हणतात. इम्बाइब करतं ते मूल. पाजणं वेगळं, पिणं वेगळं.

हा फरक नुसता व्याकरणाचा नाही. आपण शिकवतो तेवढंच मूल घेतं असं नाही. “खोटं बोलू नये” हे आपण सांगतो. आणि वसुलीवाला दारात आला की “आई घरी नाही म्हणून सांग” हेही आपणच सांगतो. रात्री घरात शिवीगाळ झाली, तर गोधडीत डोळे मिटून पडलेलं मूल तीही ऐकत असतं. पाजायला कोणी बसलेलं नसतं, तरी ते पीत असतं.

तेव्हा शाळेच्या कागदावर हा शब्द दिसला, की शाळा काय शिकवणार हे जरूर विचारा. आणि घरी आपलं मूल काय पितंय, तेही पाहा.