आठ टेक्स्टबॉक्स, एक लूप: कंट्रोल नावाने कसा शोधायचा?

समजा जालना जिल्ह्याच्या पावसाची सरासरी काढणारा छोटा प्रोग्राम व्हीबी डॉट नेटमध्ये बनवायचाय. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद आणि जालना असे ८ तालुके, म्हणजे ८ टेक्स्टबॉक्स. प्रत्येकासाठी वेगळी ओळ कॉपी-पेस्ट केली आणि एक नाव बदलायचं राहिलं, तर अंबडचा पाऊस दोनदा मोजला जातो. एररही येत नाही, सरासरी मात्र चुकते!

म्हणून मी लूप वापरतो. व्हिज्युअल स्टुडिओ बॉक्सच्या नावांना १, २, ३ असे आकडे आपोआप लावतो. ‘टेक्स्टबॉक्स’ या शब्दाला लूपचा आकडा जोडायचा आणि ते नाव फॉर्मच्या ‘कंट्रोल्स’ यादीला द्यायचं. हवा तो बॉक्स मिळतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बॉक्स पॅनल किंवा ग्रुपबॉक्सच्या आत असेल, तर या यादीत तो सापडत नाही. उत्तर ‘नथिंग’ येतं आणि त्याचा मजकूर वाचायला गेलं की एरर येते. अशा वेळी ‘कंट्रोल्स’चं ‘फाइंड’ वापरा: आधी नाव, मग ‘ट्रू’. ते आतपर्यंत शोधतं, पण उत्तर अॅरेमध्ये देतं. म्हणून त्यातला ० क्रमांकाचा घटक घ्या. फक्त अॅरे रिकामा नाही ना, ते आधी तपासा.