पोटातला केसांचा गोळा

केस केरॅटिन या प्रथिनाचे बनलेले असतात आणि ते पचवणारा पाचकरस माणसाजवळ नाही. चुकून जेवणातून गेलेला एखादा केस शौचावाटे निघून जातो. पण सवयीने रोज केस उपटून खाल्ले की ते जठराच्या वळ्यांत अडकतात. गुळगुळीत असल्याने जठराच्या आकुंचनाने ते पुढे सरकत नाहीत. चिकट स्राव आणि अन्नकण मिसळून त्यांचा गोळा होतो आणि हळूहळू तो जठराचाच आकार घेतो. केस कोणत्याही रंगाचे असोत, आम्लामुळे गोळा काळा पडतो. आत अन्न कुजत राहते, म्हणून तोंडाला दुर्गंधी येते.

2007 साली अमेरिकेतल्या एका 18 वर्षांच्या मुलीच्या पोटातून सुमारे साडेचार किलोचा गोळा काढल्याची नोंद आहे. गोळ्याची शेपटी लहान आतड्यात उतरली तर त्याला 1968 पासून ‘रॅपुन्झेल सिंड्रोम’ म्हणतात. नाव परीकथेतल्या लांब केसांच्या मुलीचे, पण त्यात आतडे फाटूही शकते.

रुग्ण बहुधा किशोरवयीन मुली असतात. दोन घासांत पोट भरणे, उलट्या, घटते वजन, रक्तक्षय आणि बेंबीच्या वर हाताला लागणारी गाठ ही लक्षणे. डोक्यावरचे विरळ झालेले केस हा खरा धागा, पण मुलगी तो लपवते आणि केस खाल्ल्याचे सांगत नाही. तिच्यावर रागावले तर ती आणखीच लपवेल.

दुर्बिणीतून मोठा गोळा सहसा निघत नाही. शस्त्रक्रियाच करावी लागते. सवय सुटावी म्हणून मानसोपचारही हवेत, नाहीतर गोळा पुन्हा तयार होऊ शकतो.