हातांचा विरंगुळा

बुलढाणा जिल्ह्यातील लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग मानतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेली बुलढाणा, चिखली, मेहकर ही गावे ‘घाटावरची’, आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव ही ‘घाटाखालची’. घाटावर थंडी अधिक, घाटाखाली ऊन अधिक; परंतु वैशाखातील दुपार मात्र दोन्हीकडे सारखीच लांब. कापूस वेचून झालेला असतो, रब्बीचे धान्य घरात आलेले असते आणि पेरणीला अजून अवकाश असतो. अशा दुपारी ओसरीवर किंवा निंबाच्या सावलीत एखादे जुने लुगडे अंथरले जाते, ते सरकू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा असे काहीतरी जड ठेवले जाते, आणि गोधडीला आरंभ होतो.

गोधडीची रीत साधी आहे. मऊ पडलेले, पण न फाटलेले लुगडे वरच्या बाजूस घ्यावयाचे. फाटकी धोतरे, सदरे, मुलांचे आखूड झालेले कपडे आत थरावयाचे. पुन्हा खाली एक धड वस्त्र लावावयाचे. सारे थर जागच्या जागी राहावेत म्हणून प्रथम लांब लांब कच्चे टाके घालतात. मग कडेकडेने धावदोरा सुरू होतो. एक ओळ संपली की तिच्या आतल्या बाजूस, बोटभर अंतर सोडून, दुसरी ओळ. अशा रीतीने सुई कडेपासून मध्याकडे सरकत जाते. एक गोधडी पुरी व्हावयास कित्येक दुपारी खर्ची पडतात.

पूर्वी पांघरूण विकत घेणे परवडत नसे, म्हणून घरोघरी गोधड्या शिवल्या जात, हे खरेच. परंतु आता आठवडी बाजारात तयार चादरी आणि रग सहज मिळतात. तरीही अनेक घरांतील वृद्ध स्त्रिया गोधडी शिवीत असलेल्या दिसतात. मुलगा पुण्यास किंवा सुरतेस कामाला गेला, मुली सासरी गेल्या, घर ओस पडले. अशा घरातील आजीला पांघरुणाची उणीव नसते. उणीव असते ती संबंध दुपारभर हातांनी काय करावे याची. रिकामे बसले की मनात नको त्या चिंता येतात. सुई हाती घेतली की चिंता नाहीशा होत नाहीत. पण त्यांचा जोर ओसरतो. हे असे का होत असावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी हे केवळ गोधडीपुरते किंवा केवळ स्त्रियांपुरते नाही, एवढे ध्यानी घेतले पाहिजे. पारावर बसून अंबाडीचा दोर वळणारा म्हातारा शेतकरी पाहा. त्याच्या हातात ढेरा फिरत असतो, जिभेवर गावच्या गोष्टी असतात आणि मांडीजवळ दोराचे वेटोळे वाढत असते. पोळा जवळ आला की तेच हात बैलांसाठी गोंडे करू लागतात. मेंढ्यांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातणारा धनगर तर दोन कामे एकाच वेळी करतो. मेहकर आणि लोणार या भागांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. त्या समाजातील स्त्रियांच्या घागऱ्यावर, कांचळीवर आणि ओढणीवर आरसे, कवड्या आणि रंगीत धाग्यांचे भरतकाम असते. आरसा गोंदाने चिकटविलेला नसतो. भोवताली धाग्याची चौकट विणून त्यात तो पक्का बसवावा लागतो, आणि एका ओढणीवर असे अनेक आरसे असतात. हे काम घाईने कधीच होत नाही.

या जुन्या कामांच्या पंक्तीत क्रोशाचे विणकाम पुष्कळ उशिरा येऊन बसले. ‘क्रोशे’ हा फ्रेंच भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ लहानसा आकडा. टोकाला आकडा असलेली एकच सुई आणि एक अखंड दोरा, एवढेच याचे साहित्य. युरोपात एकोणिसाव्या शतकात ही कला फार लोकप्रिय झाली. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला आणि सुमारे दहा लक्ष माणसे मृत्यू पावली. त्या आपत्तीत तेथील जोगिणींनी गरीब स्त्रियांना क्रोशाची जाळी विणावयास शिकविले आणि तिच्या विक्रीवर कित्येक कुटुंबे तगली. हिंदुस्थानात ही कला मिशनरी स्त्रियांबरोबर आली आणि मुलींच्या शाळांतून, शेजारणींकडून शेजारणींकडे, घरोघर पोहोचली.

घाटाखालच्या प्रदेशाचा या दोऱ्याशी जुना संबंध आहे. काळ्या जमिनीतील कापूस मुंबईस नेता यावा म्हणून १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा सुरू झाला. वऱ्हाडचा कापूस दूरच्या गिरण्यांत गेला आणि तेथून सुताच्या गुंड्या होऊन बाजारात परत आला. त्या सुताचे रुमाल, ताटांवरची झाकणे आणि दारांवरची तोरणे लग्नातील रुखवतात मांडली जाऊ लागली. नवरीने स्वतः काय काय विणले आहे, हे वऱ्हाडी मंडळी वाकून वाकून पाहत. कौतुकाइतकीच तेथे परीक्षाही असे, हे सांगावयास नको.

क्रोशाचे काम कसे चालते ते समजून घेतल्यास त्याच्या मोहिनीचे कारणही उमगते. दोऱ्याची एक सैल गाठ करून ती सुईवर घ्यावयाची. आकड्याने दोरा पकडून तो त्या फासातून ओढला की साखळीचे एक घर तयार होते. त्या घरातून पुन्हा दोरा ओढला की दुसरे घर. साखळी पुरेशी लांब झाली की उलट फिरून तिच्याच घरांत सुई घालीत वर दुसरी रांग चढवावयाची. ‘साखळी’, ‘मुका खांब’ आणि ‘खांब’ हे तीन टाके ज्याला आले, त्याला पुष्कळशी नक्षी विणता येते. उरलेले सारे मोजण्याचे काम.

दोन सुयांवरच्या लोकरीच्या विणकामात रांगेतील सगळे टाके एकाच वेळी सुईवर असतात. सुई निसटली की कित्येक टाके सुटतात. क्रोशात बहुधा एकच फास सुईवर असतो. मूल रडले, दूध उतू आले, दारी पाहुणा आला, तरी सुई काढून काम जसेच्या तसे बाजूला ठेवता येते. ज्या स्त्रीच्या दिवसाचे तुकडे दुसरेच लोक करीत असतात, तिला हे विणकाम आवडावे यात नवल ते काय? शिवाय येथे चुकीची भीती नाही. नक्षी बिघडली तर दोरा ओढावा. चुकलेला भाग उसवून जातो आणि दोरा अखंडच राहतो. लाकूड चुकून कापले गेले किंवा भाकरी करपली, तर तसे करता येत नाही.

आता त्या प्रश्नाकडे वळू. मनुष्याचे लक्ष ही मर्यादित वस्तू आहे. टाके मोजण्यात त्याचा थोडा भाग गुंतला की चिंतेला उरणारी जागा तेवढीच कमी होते. मात्र काम फार कठीण असेल तर मन थकते आणि फार सोपे असेल तर ते पुन्हा भटकू लागते. धावदोरा, टकळी, क्रोशा ही कामे या दोहोंच्या मध्ये बसतात. हात एकाच तालात हलतात आणि त्या तालाबरोबर पुष्कळदा श्वासही संथ होतो. आणखी एक गोष्ट आहे आणि बहुधा तीच सर्वांत महत्त्वाची असावी. दुःखी किंवा आजारी मनुष्यास आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटत असते. संध्याकाळी चार बोटे विणलेली पट्टी समोर दिसली म्हणजे त्या समजुतीला उत्तर मिळते, आणि ते डोळ्यांना दिसणारे उत्तर असते.

जे घरातील आजीला अनुभवाने ठाऊक होते, ते विसाव्या शतकात रुग्णालयांनीही स्वीकारले. १९१४ ते १९१८ या पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक जायबंदी झाले. काहींचे हातपाय गेले, तर काहींच्या मनावर तोफांच्या भडिमाराचा आघात झाला. अशा सैनिकांना टोपल्या विणणे, भरतकाम, मागावरचे विणकाम अशी कामे दिली जाऊ लागली आणि त्यांतून ‘व्यवसायोपचार’ हे शास्त्र आकारास आले. बंदूक धरलेल्या हातांनी सुई धरावयास आधी किती संकोच केला असेल, याची कल्पना करता येते.

आपल्याकडे हे शास्त्र रुजविण्याचे श्रेय कमला निंबकर यांना दिले जाते. त्यांचा जन्म १९०० साली अमेरिकेत झाला. त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून त्या भारतात आल्या आणि येथल्याच झाल्या. या विषयाचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची भारतातील पहिली शाळा सुरू केली. १९५२ साली या विषयाचा जागतिक संघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळू लागले आणि विदर्भाची सोय झाली.

या उपचारात काम उगाच दिले जात नाही. खांदा आखडलेल्या रोग्यास हात वर न्यावा लागेल असा माग देतात. बोटांतील बळ गेलेल्यास प्रथम जाड दोरा आणि नंतर बारीक दोरा देतात. ज्याला अनेक महिने अंथरुणातच काढावयाचे आहेत, त्याच्या हाती पडल्या पडल्या करता येईल असे काम दिले जाते. आता या उपचारात जेवणे, कपडे घालणे, लिहिणे यांसारख्या नित्याच्या कामांवर अधिक भर असतो. हस्तकला हे त्याच्या अनेक साधनांपैकी एक राहिले आहे.

परंतु हातांचे काम नेहमीच सुख देते असे समजणे भोळेपणाचे ठरेल. आंध्र प्रदेशातील नरसापूर हे गाव क्रोशाच्या जाळीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे ही कला एकोणिसाव्या शतकात आली आणि तेथील जाळी परदेशांत जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तेथील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. घरकाम सांभाळून या स्त्रिया रोज कित्येक तास जाळी विणीत. परंतु हे ‘घरी बसलेल्या बायकांचे फावल्या वेळचे काम’ आहे असे म्हणून त्यांना अत्यंत तुटपुंजी मजुरी दिली जाई. सुई तीच, दोरा तोच, टाकेही तेच. पण वेग व्यापाऱ्याने ठरविला होता. जाळी विकून पोट भरणे यात काहीच वाईट नाही. कष्टाला ‘विरंगुळा’ हे गोड नाव देऊन त्याचे मोल कमी करणे, ही मात्र लबाडी होय.

तसेच, जे दुःख फार खोल गेलेले असते ते केवळ विणकामाने हटत नाही. ज्याला रात्र रात्र झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच रस वाटत नाही, त्याच्या हाती सुई देऊन मोकळे होणे योग्य नव्हे. त्याच्याजवळ कोणीतरी बसले पाहिजे, त्याचे ऐकले पाहिजे आणि त्याला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. गावोगावच्या ओसरीवर गोधडी बहुधा एकटीने शिवली जात नाही, हेही येथे आठवावे. एक कड एकीकडे, दुसरी कड शेजारणीकडे, आणि मध्ये गोष्टी. कित्येकदा मनातले दुःख समोरासमोर बोलवत नाही. नजर टाक्यावर असली म्हणजे ते सहज ओठांवर येते.

२०२० साली करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी झाली, तेव्हा शहरांतील अनेक घरांतून जुन्या पेट्या उघडल्या गेल्या आणि क्रोशाच्या सुया पुन्हा बाहेर आल्या. ज्यांना कोणी शिकविणारे नव्हते, त्यांनी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहून टाके शिकून घेतले. त्यांत मुलगेही होते. मुलग्यांनी विणू नये असा कोणताही नियम कापसाला किंवा लोकरीला ठाऊक नाही; मागावर लुगडी विणणारे साळी आणि कोष्टी पुरुषच तर होते!

नवशिक्याने मात्र जाड दोरा आणि मोठ्या आकड्याची सुई घ्यावी. बारीक सुताचा मोह आधी धरू नये. त्यात घरे दिसत नाहीत आणि धीर सुटतो. पहिल्या दिवशी केवळ साखळी विणावी. ती प्रथम कोठे घट्ट, कोठे सैल अशी होते. ती उसवून पुन्हा विणावी. चौथ्या-पाचव्या वेळेस घरे सारखी येऊ लागतात आणि बोटांना दोऱ्याचा ताण आपोआप कळू लागतो. घरात आजी असेल तर तिच्याजवळ बसून शिकणे अधिक बरे. टाका कोठे चुकला हे ती दुरूनही सांगते.

आणि आजीच्या मांडीवरची गोधडी नीट न्याहाळावी. ती विरली म्हणजे टाकून देत नाहीत. तिच्यावर नवे वस्त्र घालून तीच पुन्हा शिवतात. म्हणून जुन्या घरातील जाड गोधडीचा एखादा कोपरा उसवला, तर आतून दुसऱ्याच गोधडीची नक्षी डोकावते, आणि तिच्याही आत कधी पणजीच्या लुगड्याचा काठ सापडतो.